सासऱ्यांच्या फोटोची काच

सासऱ्यांचा फोटो भिंतीवर जरासा तिरका लटकला होता. दुसरा एखादा जावई असता तर त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण भिंगांचा स्वभावच असा की तिरकं काही दिसलं की अन्न गोड लागत नाही. सकाळी स्वेटर चढवता चढवता त्यांची नजर फोटोवर गेली. बायको अजून उठलेली नव्हती, तेवढ्यात काम उरकावं म्हणून त्यांनी एका बोटाने फ्रेमचा कोपरा वर ढकलला. खिळा भिंतीतून सुटला, फ्रेम कपाटाच्या कडेवर आपटली, काच फुटली, आणि सासरे खुर्चीत उताणे पडून जावयाकडे पाहू लागले. हयातीत पाहत असत, अगदी तसेच.

भिंग हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गुन्ह्यातला पुरावा तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ते काच विभागात होते. मोहरीहून बारीक कण पाहून ही काच गाडीच्या दिव्याची, ही बाटलीची, ही खिडकीची, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चष्म्याचा नंबरही त्यातच वाढला आणि नाव पडलं भिंग. आता ते स्वतःसुद्धा फोनवर "भिंग बोलतोय" असंच म्हणत.

सासरे हेडमास्तर होते. त्यांच्या घरात कपबशी फुटली तर ती कुणी फोडली हे कधीच उघडकीला येत नसे. दोन्ही मुली तुकडे गुपचूप परसात पुरून येत आणि जेवताना एकमेकींकडे बघत नसत. माणूस जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांचा धाक घरातून गेलेला नव्हता. बायको अजूनही फोटोसमोर पाय पसरून बसत नसे.

भिंगांनी हात जोडून क्षमा मागितली आणि कामाला लागले. टॉर्च जमिनीला टेकवून आडव्या उजेडात त्यांनी कण न् कण हुडकला, ओल्या कापसाने टिपला. फ्रेमच्या खाचेतून ब्रश फिरवला. काचा कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातल्या आणि बिनकाचेची फ्रेम पुन्हा भिंतीवर टांगली, या वेळी ओळंब्यात. मागे सरून पाहिलं. काही फरक दिसत नव्हता. चांगली काच ती, जी दिसत नाही. मग नसलेली काच तर उत्तमच म्हणायची. ऑफिसला जाताना त्यांनी ती पुडी कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

इथपर्यंत सगळं कुठल्याही घाबरट नवऱ्यासारखं झालं. घोटाळा पुढे आहे. काच विभागाचा एक नियम होता: ज्याच्या घरी काच फुटली त्याने येऊन आधी तसं सांगायचं आणि दोन दिवस काचेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कारण काच फुटते तेव्हा तिचे बारीक कण फोडणाऱ्याच्याच अंगावर उलटे उडतात आणि लोकरीत जाऊन बसतात. दगड मारणारा पळतो, पण काच त्याच्या स्वेटरात बसून बरोबर जाते. चोर सापडतात ते यामुळेच. नवीन माणसांना हा नियम समजावून सांगायचं काम भिंगांकडेच होतं.

पण सांगायचं कुणाला? विभागप्रमुख मॅडमना. आणि मॅडम म्हणजे भिंगांच्या बायकोची थोरली बहीण. ऑफिसात मॅडम, घरी ताई. ज्यांची काच फुटली ते मॅडमचेही वडीलच. ऑफिसात कबुली दिली की ती चहाच्या आत घरी पोचणार. भिंगांनी विचार केला आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं.

फाटकाबाहेरच्या बाकावर त्या दिवशीही ती म्हातारी बसली होती. तिचा मुलगा नळदुरुस्ती करायचा. घड्याळवाल्याच्या दुकानाच्या मागच्या खिडकीचं तावदान फोडून चोरी झाली होती, आणि आदल्याच आठवड्यात तिथला नळ दुरुस्त करून गेलेला म्हणून पोलिसांनी त्याला उचललं होतं. दुसरा पुरावा काही नव्हता. त्याचा स्वेटर आणि बूट तपासणीला आले होते. ते काय बोलतील त्यावर त्याचं सुटणं न सुटणं होतं.

"साहेब, झालं का हो बघून?" म्हातारीने विचारलं.

"मला बोलता येत नाही बाई."

"बोलू नका. नुसती मान हलवा."

ती रोज हेच म्हणे, त्यामुळे चुकून होकार जाऊ नये म्हणून भिंगांनी फाटकातून मान ताठ ठेवून जायची सवय लावून घेतली होती. मानेला रग लागे. पण त्या दिवशी आत गेल्यावर त्यांनी पहिलं पाकीट उघडलं ते नळवाल्याच्या स्वेटरचंच. खोलीतला हीटर बंद होता, म्हणून पांढऱ्या डगल्याच्या आत त्यांचा स्वतःचा स्वेटर तसाच होता.

त्यांनी नळवाल्याचा स्वेटर पांढऱ्या कागदावर झटकला. काचेचा एक कण पडला. एकच.

मग तो कण तेलाच्या थेंबात, थेंब भिंगाखाली, आणि खालून हळूहळू उष्णता. तेल तापत जातं तसा एक क्षण असा येतो की काचेची कड पुसट होते आणि काच दिसेनाशी होते. त्या क्षणीच्या उष्णतेचा आकडा टिपायचा. दुकानाच्या खिडकीची काचही त्याच आकड्याला दिसेनाशी झाली, तर दोन्ही काचा एकच म्हणायला हरकत नाही. खिडकीच्या तुकड्याचा आकडा मदतनीस मुलीने कालच काढून ठेवला होता. तो बरोबर जुळला. नळवाला बुडाला.

शेजारच्या खोलीत माती विभाग होता. तिथल्या गृहस्थांना सगळे ढेकूळ म्हणत, कारण ते पटकन विरघळत नसत. त्यांनी बुटांच्या तळव्याची माती सुकवून, चाळून, खिडकीच्या उजेडात तिचा रंग ताडून पाहिला होता.

"दुकानामागच्या वाफ्याची माती तांबूस आहे. त्याच्या बुटाला तिचा कणही नाही," ढेकूळ म्हणाले. "वाफ्यात पाय न ठेवता त्या खिडकीशी जाताच येत नाही. उडून गेला का तो?"

"बूट पुसले असतील."

"तळव्याच्या फटीत जुनी माती जशीच्या तशी आहे. कुणी तेवढीच निवडून पुसत नाही. माती खोटं बोलत नाही, भिंग."

"काच तरी कधी बोलली?"

संध्याकाळी डगला काढताना दिव्याच्या उजेडात भिंगांच्या बाहीवर काहीतरी चमकलं. चिमट्याने तो कण उचलून त्यांनी तेलात टाकला. त्याच आकड्याला तोही दिसेनासा झाला. म्हणजे नळवाल्याच्या स्वेटरवर सापडलेला कण सासऱ्यांच्या फोटोचा होता. निदान असू शकत होता. एका निरपराध माणसाला आपण घरची काच आणून चिकटवली, या विचाराने भिंगांना बसवेना.

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझ्याकडून काच फुटली. सकाळी. घरी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही दिवसभर खोलीत होता? तुम्ही? कुठली काच?"

"फ्रेमची."

"कसली फ्रेम?"

"फोटोची."

"कुणाचा फोटो?"

भिंग टेबलाकडे बघत राहिले. मॅडमचा चेहरा आधी प्रमुखाचा होता, मग हळूहळू मुलीचा झाला, आणि शेवटी थेट वडिलांचा झाला. फोटोतले सासरे परवडले असं भिंगांना वाटलं.

"ताई, चूक झाली."

"ऑफिसात ताई म्हणू नका. स्वेटर काढा."

स्वेटर पाकिटात गेला, पाकिटावर मोहोर लागली. फुटलेल्या काचेचा तुकडा मागितला तर भिंगांकडे एकही नव्हता. कचरापेटी दुपारीच रिकामी झाली होती आणि फ्रेम त्यांनी इतकी निष्ठेने साफ केली होती की खाचेत धूळसुद्धा उरली नव्हती. पण मॅडमनी मार्ग काढला. वडील गेल्यावर दोघी बहिणींसाठी दोन सारख्या फ्रेमा केल्या होत्या. "एकाच काचेतून कापा, माझ्यासमोर कापा," असं मॅडमनी तेव्हा दुकानदाराला बजावलं होतं. काच विभागातल्या बाईला असल्या गोष्टी लागतातच. तेव्हा मॅडमच्या फ्रेमची काच तपासली की झालं. भिंग कुडकुडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम फ्रेम घेऊन आल्या. वडिलांच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी स्वतः पकडीने काचेच्या कोपऱ्याचा कण तोडला. कण तेलात गेला. तेल तापलं. ठरलेला आकडा आला आणि गेला. कण ठळकपणे जिथल्या तिथे बसून राहिला.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे घरची काच तुम्ही आणलीच नाही. नळवाल्याचा कण दुकानाचाच."

क्षणभर भिंगांना हायसं वाटलं. मग दारात उभ्या असलेल्या ढेकळांनी शांतपणे विचारलं, "मग याच्या स्वेटरवर दुकानाची काच आली कुठून?"

दुकानाचा तुकडा भिंगांनी हाताळलाच नव्हता, तो मदतनीस मुलीने पाहिला होता. मॅडमनी पाकिटाची मोहोर फोडली, भिंगांचा स्वेटर झटकला. चांगले सात-आठ कण पडले. एकेक करून सगळे त्याच आकड्याला दिसेनासे झाले. नळवाल्याच्या अंगावर एक होता. शास्त्राचं ऐकायचं तर दुकान भिंगांनी फोडलं होतं आणि नळवाला फार तर जवळून गेला होता.

"चोरी झाली त्या रात्री तुम्ही कुठे होता?" मॅडमनी विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

"कुणी पाहिलंय?"

"तुमच्या बहिणीने."

"तीही झोपलीच असेल."

ढेकळांनी भिंगांचे बूट नेले. भिंग मोजे घालून स्टुलावर बसून राहिले. एरवी ज्या खुर्चीतून ते इतरांच्या बुटांकडे पाहत, तिच्याकडे त्यांना बघवेना. दुपार कलल्यावर ढेकूळ परत आले आणि त्यांनी बूट हलकेच खाली ठेवले.

"तांबूस माती नाही. घराच्या जिन्याचं सिमेंट, फाटकातली खडी, संपलं. तू घर आणि ऑफिस सोडून कुठेच जात नाहीस रे. मला वाईट वाटलं."

"म्हणजे मी निर्दोष?"

"मातीने विचारशील तर निर्दोष. पण तसा तो नळवालाही आहे."

मॅडमनी ढेकळांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या स्वेटरचं पाकीट मी उघडलंच नाही असं धरून चाला. नळवाल्याचा अहवाल सोमवारी जाईल."

"आणि नळवाला?"

"त्याच्या अंगावर काच आहे."

"माझ्याही आहे."

"तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान आहात."

"तोही कुणाचा तरी आहे, मॅडम. ती बाहेर बाकावर बसलीय."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे काच आणि नातं एकाच ताटात वाढलं गेलं होतं. भिंग बाहेर पडले. म्हातारीने मान वर केली, पण आज काही विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच तिने काय ते ओळखलं असावं. तिने डोळ्यांना पदर लावला. भिंगांच्या ताठ मानेला इतक्या दिवसांत इतकी रग कधी लागली नव्हती.

घरी पोचले तर बायको ओलं फडकं हातात धरून फोटोसमोर उभी. चेहरा पांढराफटक.

"अहो, बाबांची मिशी निघाली."

खरोखरच अर्धी मिशी फडक्यावर आली होती. उरलेली गालावर पसरली होती. हेडमास्तर पहिल्यांदाच काहीसे गोंधळलेले दिसत होते.

"पुसायला गेले तर काचच नाही. काच गेली कुठे?"

भिंग खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खिळा, कचरापेटी, नळवाला, म्हातारी, स्वतःचे बूट, ताईंचं दार लावून बोलणं. आपण चोर नाही हेही सांगितलं, कारण आता त्यांची त्यांनाच पुरती खात्री उरली नव्हती. बायको चिडेल, रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती फडक्याची घडी घालत राहिली.

"ताईच्या फ्रेमशी कशी जुळेल?" शेवटी ती म्हणाली.

"का नाही जुळणार? एकाच काचेतल्या ना दोन्ही?"

"ताईची आहे. आपली नव्हती." तिने आवाज एकदम खाली आणला, जणू फोटोला ऐकू जाईल. "दुसऱ्याच महिन्यात फुटली माझ्या हातून. तुम्ही ऑफिसात होता. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून नवी बसवून घेतली."

"मला बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात का?"

भिंग चष्मा पुसू लागले.

"तो काचवाला तेव्हा घड्याळवाल्याच्या मागच्या खिडकीचं तावदान कापत होता. म्हणाला, यातलाच तुकडा उरलाय, बसतो का बघू. बसला. मला किती वाईट वाटलं होतं, माहितीय? बाबांनी जन्मात कधी कुणाचं उरलेलं घेतलं नाही, आणि मी त्यांना चोरासारखी उरलेली काच लावली."

भिंग उठून उभे राहिले. सगळा गुंता सुटला होता. दुकानाची काच आणि फोटोची काच एकाच तावाची. मग नळवाल्याच्या स्वेटरवरचा कण खिडकीचा की सासऱ्यांचा हे साक्षात ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"ताईंना सांगावं लागेल."

"नको," बायको घाईने म्हणाली. "तुम्हीच दोनदा फोडली म्हणा. एवीतेवी तुमचं नाव खराब झालंच आहे."

"अगं, ताई काचवाल्याला विचारणार. त्याने माझं तोंडही पाहिलेलं नाही."

"मग मी आजारी आहे म्हणा."

रात्रभर ती कूस बदलत होती. सकाळी मात्र न बोलता चपला घालून भिंगांच्या बरोबर निघाली. फाटकापाशी बाकावर म्हातारी होती. बायकोने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. पोराला डबा देऊ देत नाहीत, तरी ती रोज आणते, हे भिंगांनी तिला सांगितलं होतं. मग भिंगांच्याही पुढे होऊन बायको आत गेली.

मॅडमसमोर तिने एका दमात सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलीसारखं, हात मागे बांधून.

"इतके महिने झाले," मॅडम म्हणाल्या, "आणि मला कळवलं नाहीस?"

"कळवलं असतं तर तू बाबांसारखं बघितलं असतंस."

"मी कुठे बाबांसारखं बघते?"

भिंगांनी जमिनीकडे पाहिलं. ढेकळांनी खिडकीबाहेर पाहिलं. मदतनीस मुलीला अचानक काहीतरी काम आठवलं. मॅडम खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी चेहरा झाकून घेतला. बहीण त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वडील गेले तेव्हा या दोघी एकमेकींजवळ रडल्या नव्हत्या, तेवढं त्या दिवशी काच विभागात उरकलं.

त्यानंतर मॅडमनी जे केलं ते मात्र चोख. काचवाल्याकडे त्या तावाची एक पट्टी अजून पडून होती, ती आणवली. सगळे आकडे जुळले. अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की या कणावरून काहीच सिद्ध होत नाही, चूक आमच्या विभागाची आहे, आणि माती आरोपीच्या बाजूने आहे. भिंगांची बदली तात्पुरती माती विभागात, ढेकळांच्या हाताखाली झाली. ढेकळांनी पहिल्या दिवशी त्यांना चाळणी धुवायला दिली आणि स्वतः शीळ घालत बसले.

नळवाला सुटला. हुकमाचा कागद घेऊन तो आईबरोबर आपला स्वेटर न्यायला आला तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती. स्वेटर त्याच्या हातात दिला, पण धागे जुळवून पाहायला कुणीतरी त्याची एक बाही कापलेली होती. तो त्या बाहीच्या भोकातून हात घालून बघत राहिला. तक्रार काही केली नाही. सदऱ्यावरच उभा होता, ओठ काळेनिळे पडलेले. भिंगांना ते पाहवेना. मॅडमनी त्यांचं पुन्हा मोहोर लावलेलं पाकीट आजच परत केलं होतं. त्यांनी ते फाडलं आणि आपला स्वेटर त्याच्या हातात कोंबला.

"घ्या. माझाच आहे. उबदार आहे."

म्हातारीने भिंगांच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाने स्वेटर तिथेच अंगात घातला, आणि दोघं फाटकातून रस्त्याला लागली. भिंगांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट झाली, असं त्यांना वाटलं.

"स्वेटर दिलास?" मागून ढेकळांनी विचारलं.

"दिला."

"काचेसकट?"

भिंगांनी वळून पाहिलं.

"नाही, म्हटलं, खरा चोर अजून सापडलेला नाही," ढेकूळ म्हणाले. "पोलीस पुन्हा त्याच गल्लीतून सुरुवात करणार. करू देत बापडे."

भिंग धावले. माती विभागात घालायची चप्पल फाटकात राहिली. "अहो, थांबा! स्वेटर काढा, स्वेटर!" रस्त्यावरची माणसं थबकली. नळवाल्याने वळून पाहिलं. प्रयोगशाळेतला साहेब डगला फडकवत आपल्या मागे येतोय एवढंच त्याला दिसलं. मग त्याने वाट पाहिली नाही. जीव घेऊन पळाला, आणि कोपऱ्यावरून वळला तो दिसेनासा झाला.

म्हातारीने मात्र भिंगांची बाही घट्ट धरली. या वयाला एवढा जोर तिच्यात कुठून आला कोण जाणे.

"आता काय केलं माझ्या पोरानं?"

"त्याने काही नाही केलं हो," भिंग धापा टाकत म्हणाले. "मी केलंय."

म्हातारीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं.

"मग पळायचं तुम्ही," ती म्हणाली. "त्याला कशाला पळवताय?"